विक्री ‘गमतीच्या वस्तू’ची, आरोप कारस्थानाचा

अमेरिकेतील मिनियापोलिस विमानतळावर एप्रिल २००५ मध्ये एका प्रवाशाच्या सामानाची झडती घेताना सुरक्षा कर्मचाऱ्यांना काही कुप्या सापडल्या. कुप्यांमध्ये भुकटी होती. ती अमली पदार्थाची असावी, असा पहिला संशय. पण ती निघाली वाळवलेल्या मूत्राची. सोबत कमरेला बांधण्याचा पट्टा, पिशवी आणि कृत्रिम शिश्न असा सगळा सरंजाम होता. प्रवासी होता मिनेसोटा व्हायकिंग्ज या संघाचा फुटबॉलपटू ऑन्टेरियो स्मिथ. हे सामान आपण चुलतभावासाठी नेत होतो, असा खुलासा त्याने केला. लीगने तो मनावर घेतला नाही आणि त्याला संपूर्ण हंगामासाठी निलंबित केले.

अमेरिकी दूरचित्रवाणीवरील विनोदवीरांना पुढचे काही आठवडे पुरेल इतका मसाला या घटनेने दिला. ‘व्हिझिनेटर’ हे त्या उपकरणाचे नाव घरोघरी पोचले. मात्र वॉशिंग्टनमध्ये हा विषय हसण्यावारी नेला गेला नाही. १७ मे २००५ रोजी अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या ऊर्जा व वाणिज्य समितीच्या चौकशी उपसमितीने याच प्रश्नावर सुनावणी ठेवली. अमली पदार्थांच्या चाचणीला चकवण्यासाठी सुमारे ४०० निरनिराळी उत्पादने बाजारात सर्रास मिळतात, अशी माहिती सरकारच्या लेखापरीक्षण यंत्रणेने तेथे मांडली. पाठोपाठ या मालाच्या विक्रेत्यांना पाचारण करण्यात आले. त्यांनी स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या घटनादत्त अधिकाराचा आधार घेऊन तोंड उघडण्यास नकार दिला.

विक्रेते गप्प का बसले, हे समजून घेण्यासारखे आहे. वाळवलेले मूत्र विकणे हा अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार गुन्हा नाही. रसायनांपासून बनवलेले कृत्रिम मूत्र विकणे हाही नाही. प्रयोगशाळेतील यंत्रे पडताळण्यासाठी, तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणासाठी, लहान मुलांच्या डायपरची शोषणक्षमता तपासण्यासाठी ते खरोखरच वापरले जाते. चाचणी चकवणाऱ्या मालावर थेट बंदी घालणारी विधेयके त्या सुनावणीनंतर संसदेत मांडली गेली, पण त्यांचे कायद्यात रूपांतर झाले नाही. तरीही हा माल विकणारे तुरुंगात गेले आहेत. वस्तू निषिद्ध नसताना तिची विक्री गुन्हा कशी ठरते, याचे उत्तर कायद्याच्या तीन निरनिराळ्या दालनांत विखुरलेले आहे.

रेल्वे अपघातापासून बाटलीपर्यंत

मुळात नोकरदाराने बाटलीत नमुना द्यावा, ही प्रथा आली कोठून? १५ सप्टेंबर १९८६ रोजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी सरकारी कार्यालये अमली पदार्थमुक्त करण्याचा आदेश काढला आणि संवेदनशील पदांवरील केंद्रीय कर्मचाऱ्यांची चाचणी सुरू झाली. त्यावर वैयक्तिक स्वातंत्र्यावरील घाला म्हणून बरीच टीका झाली. पण चारच महिन्यांनी, ४ जानेवारी १९८७ रोजी, मेरीलँडमधील चेस या गावाजवळ अ‍ॅमट्रॅकची भरधाव प्रवासी गाडी मालवाहू कंपनीच्या इंजिनांवर आदळली आणि १६ जणांचा बळी गेला. थांब्याचा संकेत ओलांडून ती इंजिने रुळावर आणणाऱ्या चालकाने गांजा ओढल्याचे निष्पन्न झाले. त्या दिवसानंतर वादाचा नूर पालटला.

१९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे कर्मचारी आणि सीमाशुल्क कर्मचारी यांच्या दोन स्वतंत्र खटल्यांत अशा चाचण्या वैध ठरवल्या. ही ‘झडती’च आहे, हे न्यायालयाने मान्य केले, मात्र सार्वजनिक सुरक्षिततेपुढे ती अवाजवी नाही, असा निर्वाळा दिला. ऑगस्ट १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत मद्यधुंद चालकाच्या हातून पाच प्रवासी दगावले. त्याच वर्षी संसदेने परिवहन क्षेत्रासाठी चाचणी सक्तीचा कायदा संमत केला. वैमानिक, ट्रकचालक, रेल्वेचालक, बसचालक, जहाजावरील कर्मचारी, वायुवाहिन्यांवर काम करणारे, असे लाखो लोक त्याच्या कक्षेत आले. खासगी कंपन्यांनी अनुकरण केले आणि नोकरीच्या नियुक्तिपत्राआधी ‘बाटली’ हा अनेक क्षेत्रांतील रिवाज बनला.

या चाचणीची पद्धत कमालीची काटेकोर आहे. केंद्रीय नियमांनुसार किमान ४५ मिलिलीटर नमुना द्यावा लागतो. तो दोन बाटल्यांत विभागला जातो. नमुना हाती आल्यापासून चार मिनिटांत त्याचे तापमान मोजले जाते. ते ३२ ते ३८ अंश सेल्सियसच्या दरम्यान नसेल तर संशयाला जागा मिळते. शौचकुपातील पाण्यात रंग मिसळलेला असतो, नळ बंद केलेले असतात, कोट आणि पिशवी बाहेर ठेवावी लागते. प्रयोगशाळेत अमली पदार्थांबरोबरच हा नमुना मानवी मूत्राचाच आहे काय, याचीही परीक्षा होते. क्रिएटिनिनचे प्रमाण, विशिष्ट घनता, आम्लता, ऑक्सिडीकारक रसायनांचा मागमूस असे निकष त्यासाठी ठरलेले आहेत. यातील प्रत्येक निकषामागे कोणीतरी केलेल्या फसवणुकीचा इतिहास आहे. बाजारात नवी क्लृप्ती यायची आणि दोन-तीन वर्षांत नियमावलीत नवे कलम पडायचे, असा हा पाठशिवणीचा खेळ गेली तीन दशके चालला आहे.

राज्ये पुढे सरसावली

विक्रेत्यावर थेट हात टाकला तो राज्यांनी. यातील बहुचर्चित प्रकरण दक्षिण कॅरोलिनातील आहे. केनेथ कर्टिस नावाचा गृहस्थ तेथे चक्क स्वतःचे मूत्र विकत असे. पिशवी, नळी आणि नमुना कोमट ठेवण्याची सोय असा संच तो टपालाने पाठवी. चाचणी हा खासगी आयुष्यात ढवळाढवळ करणारा प्रकार असून आपण लोकांच्या खासगीपणाचे रक्षण करतो, असा त्याचा दावा होता. कंपनीचे नावही त्याने त्याला साजेसेच ठेवले होते. राज्याच्या विधिमंडळाने १९९९ मध्ये या धंद्यावर बंदी घालणारा कायदा केला. कर्टिसने विक्री सुरूच ठेवली. गुप्त पोलिसांनी ग्राहक बनून संच विकत घेतला आणि त्याच्यावर खटला भरला. तो दोषी ठरला आणि २००४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली.

या निकालाचे महत्त्व शिक्षेच्या लांबीत नाही, कायद्याच्या रचनेत आहे. ‘मूत्र विकू नये’ असे हा कायदा म्हणत नाही. चाचणीत फसवणूक व्हावी या हेतूने विकू नये, असे तो म्हणतो. मग हेतू सिद्ध करायचा कसा? विक्रेत्याच्या मनात कोणी डोकावू शकत नाही. त्यासाठी कायद्यानेच वाट काढून ठेवली आहे. मालासोबत तो गरम ठेवणारे साधन दिले असेल किंवा चाचणी कशी चुकवावी याच्या सूचना जोडल्या असतील, तर फसवणुकीचा हेतू गृहीत धरला जातो. डायपर तपासणाऱ्याला शरीराच्या तापमानाचे द्रव कशाला हवे, हा त्यामागचा साधा सवाल. कायदा संदिग्ध असल्याचा कर्टिसचा युक्तिवाद न्यायालयात टिकला नाही. कर्टिसने दरम्यान शेजारच्या उत्तर कॅरोलिनात बस्तान हलवले होते. तेथील विधिमंडळाने २००२ मध्ये तसाच कायदा करून टाकला.

पुढे इतर राज्यांनीही हाच मार्ग धरला, पण शिक्षेत एकवाक्यता नाही. टेक्सासमध्ये असा माल वापरणाऱ्यापेक्षा तो बनवणारा आणि पुरवणारा अधिक गंभीर गुन्ह्यास पात्र ठरतो. उत्तर कॅरोलिनात पहिला गुन्हा सौम्य प्रकारात मोडतो. दुसऱ्यांदा सापडल्यास तो ‘फेलनी’, म्हणजे गंभीर गुन्हा होतो. इलिनॉयमध्ये तो पहिल्याच खेपेस ‘फेलनी’ आहे. फ्लोरिडा आणि पेनसिल्व्हेनियात सौम्य. इंडियाना आणि न्यू हॅम्पशायर यांनी २०१७ मध्ये कृत्रिम मूत्रालाही कायद्याच्या कक्षेत आणले, कारण जुन्या कायद्यांतील ‘मूत्र’ या शब्दात प्रयोगशाळेत बनवलेले द्रव बसते की नाही, ही पळवाट विक्रेत्यांनी नेमकी हेरली होती. काही राज्यांत आजही असा कायदा नाही. एका राज्यात दुकानाच्या फळीवर उघड मांडलेली बाटली दोन तासांच्या अंतरावर, राज्याची सीमा ओलांडताच, तुरुंगाचे कारण ठरते. संगणकावरून मागणी घेऊन देशभर पार्सले पाठवणाऱ्याची यातून मोठी पंचाईत होते. त्याला आपल्या राज्यातला कायदा पाहून चालत नाही. पार्सल जेथे उघडले जाणार तेथला पाहावा लागतो.

केंद्राचे हत्यार: कारस्थान

केंद्रीय कायद्यात थेट बंदी नसल्यामुळे सरकारी वकिलांनी जुनेच हत्यार परजले. अमेरिकी दंडसंहितेच्या १८व्या विभागातील कलम ३७१ नुसार दोन वा अधिक व्यक्तींनी सरकारची फसवणूक करण्यासाठी संगनमत करणे हा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. येथे ‘फसवणूक’ म्हणजे सरकारी तिजोरीला चुना लावणे एवढाच अर्थ नाही. कपटाने किंवा लबाडीने सरकारच्या कायदेशीर कामात अडथळा आणणे हीही फसवणूकच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९२४ मध्येच सांगून ठेवले आहे. सरकारने सक्तीची केलेली चाचणी हे सरकारचे कायदेशीर काम. ती निष्फळ ठरावी म्हणून उपकरण विकणे हा त्या कामात अडथळा. साखळी जुळली.

ऑक्टोबर २००८ मध्ये पिट्सबर्ग येथील केंद्रीय न्यायालयात ‘व्हिझिनेटर’ विकणाऱ्या पक टेक्नॉलॉजी या कंपनीवर आणि तिच्या दोघा चालकांवर १९ कलमी आरोपपत्र दाखल झाले. कंपनी होती कॅलिफोर्नियातील. खटला मात्र देशाच्या दुसऱ्या टोकाला, पेनसिल्व्हेनियात उभा राहिला. महाजालावर दुकान मांडणाऱ्यांना हा मोठाच इशारा होता. दोघांनी महिन्याभरातच गुन्हा कबूल केला. सरकारची फसवणूक करण्याचे कारस्थान आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित साहित्य विकण्याचे कारस्थान, असे ते दोन गुन्हे होते. दोन्ही मिळून कमाल आठ वर्षांची शिक्षा होऊ शकली असती. प्रत्यक्षात २०१० मध्ये एकाला सहा महिन्यांची कैद झाली, दुसरा परिवीक्षेवर सुटला.

दुसऱ्या गुन्ह्याबाबत थोडे थांबायला हवे, कारण वकिलांमध्ये मतभेद आहेत ते येथे. साहित्यविक्रीचा कायदा मुळात गांजाच्या चिलमी, कोकेनच्या नळ्या, वजनकाटे यांसाठी. त्याच्या व्याख्येत अमली पदार्थ बनवणे, शरीरात घेणे यांच्या जोडीने ‘लपवणे’ हाही शब्द आहे. सरकारी पक्षाने तो पकडला आणि शरीरातील अमली पदार्थ लपवणारे उपकरण हेही ‘साहित्य’च, असा अर्थ लावला. पण कृत्रिम शिश्न पदार्थ लपवते, की पदार्थ घेतल्याचा पुरावा लपवते? दोन्हींत फरक आहे आणि तो शब्दच्छल नव्हे. आरोपींनी कबुली दिल्यामुळे या मुद्द्यावर साक्षीपुराव्यानिशी वाद झडला नाही. अमेरिकेतील बहुसंख्य फौजदारी प्रकरणे अशीच कबुलीत संपतात. त्यामुळे कायद्याचा ताणलेला अर्थ न्यायालयाच्या कसोटीवर घासला न जाताच रूढ होतो, ही टीका या प्रकरणात निराधार म्हणता येणार नाही.

पिट्सबर्गचे हे सरकारी वकील कार्यालय त्या काळात अशा कारवायांसाठी गाजले होते. फेब्रुवारी २००३ मध्ये चिलीमविक्रेत्यांविरुद्ध ‘ऑपरेशन पाइप ड्रीम्स’ राबवण्यात आले आणि विनोदी अभिनेता टॉमी चाँग याला काचेच्या चिलमी विकणाऱ्या कंपनीपायी नऊ महिन्यांची शिक्षा झाली. तीही कंपनी कॅलिफोर्नियाचीच, आणि खटला पिट्सबर्गलाच. मे २००८ मध्ये चाचणी चकवणाऱ्या मालाच्या विक्रेत्यांवर ‘ऑपरेशन ट्रू टेस्ट’ नावाने छापे पडले. या मोहिमांवर खर्ची पडलेला पैसा आणि मनुष्यबळ पाहता हाती लागले ते कितपत, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. ‘व्हिझिनेटर’ हे नाव तर नंतर दुसऱ्या कंपनीमार्फत पुन्हा बाजारात आले.

केंद्राच्या या मार्गाला एक ठळक मर्यादाही आहे. सरकारची फसवणूक व्हायची तर चाचणी सरकारने सक्तीची केलेली हवी. ट्रकचालक, वैमानिक, परिवीक्षेवरील कैदी यांच्या बाबतीत ती अट पुरी होते. एखाद्या खासगी गोदामाने स्वतःच्या धोरणानुसार घेतलेल्या चाचणीत मात्र सरकारचा संबंध नसतो. अशा वेळी सरकारी वकिलांपुढे टपाल वा तारसंदेशामार्फत फसवणुकीची कलमे उरतात, नाहीतर राज्याचा कायदा. विक्रेत्याच्या दृष्टीने ही पळवाट फारशी उपयोगाची नाही. येणारा ग्राहक गोदामातला हमाल आहे की विमानाचा दुरुस्ती कामगार, हे त्याला ठाऊक नसते, आणि विचारले तर जाणीव असल्याचा पुरावा तयार होतो.

‘केवळ मनोरंजनासाठी’

या धंद्यातील बहुतेक वेष्टनांवर एक ओळ हमखास असते. हा माल केवळ गंमत म्हणून वापरण्याचा आहे, बेकायदा कामासाठी नाही. त्याच वेष्टनात तापमान दाखवणारी पट्टी आणि उष्णतेची पुडी असते. ‘नापास झाल्यास पैसे परत’ अशी हमीही जाहिरातीत झळकते. नापास कशात, हे सांगण्याची गरज कोणाला भासत नाही.

अशी ओळ छापल्याने संरक्षण मिळते हा विक्रेत्यांचा समज किती पोकळ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या निकालावरून दिसते. अमली पदार्थांच्या साहित्याबाबतच्या त्या खटल्यात न्यायालयाने वस्तूचे स्वरूप वस्तुनिष्ठ कसोटीवर पाहण्यास सांगितले. वस्तूची रचना, सोबतच्या सूचना, जाहिरात, दुकानातील मांडणी यांवरून तिचा मुख्य उपयोग ठरवायचा. विक्रेता मनातल्या मनात काय म्हणत होता, याला महत्त्व नाही. ग्राहक तिचा कसा वापर करणार, याची सर्वसाधारण जाणीव त्याला होती एवढे पुरते. खटल्यांत विक्रेत्याचेच ई-मेल, ग्राहकांच्या शंकांना दिलेली उत्तरे, दूरध्वनीवर दिलेला सल्ला हे सर्वांत घातक पुरावे ठरतात. ‘उद्या सकाळी चाचणी आहे, काय करू?’ या प्रश्नाला दिलेल्या उत्तरापुढे वेष्टनावरची ओळ फिकी पडते.

कंपनीचा मालक निदान वकिलाचा सल्ला घेऊ शकतो. खरा पेच आहे तो कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा आणि तेथे गल्ल्यावर बसणाऱ्या नोकराचा. अमेरिकेत पेट्रोल पंपांना जोडून असलेली कितीतरी किराणा दुकाने भारतीय वंशाच्या कुटुंबांची आहेत. घाऊक पुरवठादार चिलीम, सुगंधी काड्या, शक्तिवर्धक पेये यांच्या बरोबरीने कृत्रिम मूत्राच्या बाटल्याही ठेवून जातो. गल्ल्यावरच्या माणसाला त्याचा अर्थ कळतो का?

या प्रश्नाची दाहकता जॉर्जिया राज्यातील २००५ च्या ‘ऑपरेशन मेथ मर्चंट’ने दाखवून दिली आहे. माल वेगळा होता. सर्दीच्या गोळ्या, काड्यापेट्या, कॅम्पिंगचे इंधन अशा एरवी बिनदिक्कत विकल्या जाणाऱ्या वस्तू. गुप्त खबरे दुकानात जाऊन या वस्तू घेत आणि जाता जाता आपल्याला काहीतरी ‘शिजवायचे’ आहे, असे सुचवत. मेथॅम्फेटामिन बनवणाऱ्यांच्या बोलीत त्या शब्दाचा अर्थ काय, हे इंग्रजीशी जेमतेम ओळख असलेल्या दुकानदारांना उमगले नाही, असा बचाव मांडला गेला. आरोप ठेवलेल्या ४९ जणांपैकी ४४ जण दक्षिण आशियाई वंशाचे होते, त्यांत पटेल आडनावाचे अनेक. काहींवरील आरोप मागे घ्यावे लागले, कित्येकांनी गुन्हा कबूल केला. वंशभेदाचा आरोप न्यायालयापर्यंत गेला. वस्तू निर्दोष आणि ‘जाणीव’ हाच गुन्ह्याचा गाभा असतो, तेव्हा भाषा नीट न येणारा माणूस किती सहज अडकतो, याचा तो धडा आहे.

नागरिकत्व नसलेल्यांसाठी शिक्षा तुरुंगाच्या दारापाशी संपत नाही. अमली पदार्थविषयक कायद्याखालील दोषसिद्धी किंवा फसवणुकीचा गुन्हा हा अमेरिकेतून हद्दपारीचे कारण ठरू शकतो. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका ट्युनिशियन शिक्षकाची हद्दपारी रद्द ठरवली खरी. त्याच्याकडे सापडलेले ‘साहित्य’ म्हणजे गोळ्या ठेवलेला पायमोजा होता, आणि त्या गोळ्या केंद्रीय यादीतील पदार्थाच्या होत्या, हे दोषसिद्धीत नमूद नव्हते. परंतु हा दिलासा अरुंद आहे, आणि तो मिळेपर्यंत त्या शिक्षकाला देशाबाहेर काढले गेले होते. तात्पुरत्या व्हिसावर गेलेल्या आणि फावल्या वेळात नातेवाइकाच्या दुकानात ‘जरा मदत’ करणाऱ्या तरुणांनी, त्यांत पुण्या-मुंबईचेही आले, ही बाब ध्यानात घेतलेली बरी.

नापासाहून वाईट

माल विकत घेणाऱ्याचे काय होते? परिवहन विभागाच्या नियमांनुसार भेसळ केलेला किंवा बदललेला नमुना म्हणजे ‘चाचणीस नकार’. परिणाम किमान नापास होण्याइतकेच गंभीर, आणि वैमानिकाच्या बाबतीत परवाना रद्द होण्यापर्यंत. ट्रकचालकांसाठी जानेवारी २०२० पासून देशव्यापी नोंदवही सुरू झाली आहे. पूर्वी एका कंपनीत पकडला गेलेला चालक शेजारच्या राज्यात जाऊन नवी नोकरी धरत असे. आता नवा मालक आधी ती नोंद पाहतो. १८ नोव्हेंबर २०२४ पासून राज्यांना अशा चालकाचा व्यावसायिक परवानाच खाली उतरवावा लागतो. हे सर्व झाल्यावर फसलेला ग्राहक विक्रेत्याकडे नुकसानभरपाई मागायला गेला, तर स्वतःच गैरव्यवहारात सामील असलेल्याला न्यायालय सहसा मदत करत नाही, हे जुने तत्त्व आड येते. पैसे परत देण्याची हमी पाळली जाईल की नाही, हे विक्रेत्याच्या मर्जीवर.

या धंद्याची झळ मात्र कधीही अमली पदार्थाला न शिवलेल्यांनाही बसते. नोव्हेंबर २००७ मध्ये लेखापरीक्षण यंत्रणेच्या गुप्त तपासनिसांनी ट्रकचालक बनून २४ नमुना-संकलन केंद्रांना भेट दिली. बनावट परवाने चोवीसही ठिकाणी चालून गेले. आठ ठिकाणी त्यांनी बाजारातून विकत घेतलेला माल वापरला आणि एकदाही ते पकडले गेले नाहीत. त्या अहवालानंतर २००८ मध्ये परिवहन विभागाने नियम आवळले. एकदा दोषी ठरून कामावर परतणाऱ्या कर्मचाऱ्यास यापुढे देखरेखीखाली नमुना द्यावा लागेल. त्याआधी त्याने कंबरेवरचे आणि खालचे कपडे बाजूला करून, गोल फिरून, अंगावर कोणतेही उपकरण नसल्याचे दाखवावे लागेल. एका रेल्वे कंपनीने आणि कामगार संघटनांनी याला आव्हान दिले. हा खासगीपणावरील मोठा आघात आहे, हे वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने मे २००९ मध्ये मान्य केले, पण चकवणाऱ्या साधनांचा सुळसुळाट लक्षात घेऊन नियम कायम ठेवला. खासगीपणाचे रक्षण करण्याचा दावा करणाऱ्या विक्रेत्यांच्या मालामुळेच कामगारांवर विवस्त्र होण्याची पाळी आली. याची भरपाई कोणत्याही आरोपपत्रात मागितलेली नाही.

गांजा कायदेशीर, चाचणी कायम

दोन दशकांपूर्वीच्या या कहाणीला आज नवे वळण मिळाले आहे. २०२३ अखेर अमेरिकेच्या २४ राज्यांनी प्रौढांसाठी गांजा खुला केला होता. शनिवारी रात्री कायदेशीर दुकानातून घेऊन ओढलेल्या गांजाचे अंश मूत्रात कित्येक दिवस राहतात, आणि चाचणी नशा मोजत नाही, हे अंश मोजते. सोमवारी सकाळी शुद्धीत कामावर आलेला माणूसही नापास होतो. ही विसंगती लक्षात घेऊन कॅलिफोर्नियाने जानेवारी २०२४ पासून, काही अपवाद वगळता, केवळ अशा निष्क्रिय अंशांवरून नोकरी नाकारण्यास मनाई केली. नेवाडा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन या राज्यांनीही आपापल्या परीने मालकांचे हात बांधले आहेत. केंद्रीय नियमांखालील चालक आणि वैमानिक यांना मात्र यातील कोणतीही सवलत लागू नाही.

गांजा खुला झाल्यावर चकवणाऱ्या मालाची गरज संपेल, अशी अपेक्षा होती. घडले उलट. ‘क्वेस्ट डायग्नॉस्टिक्स’ या मोठ्या प्रयोगशाळा समूहाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार सर्वसाधारण नोकरदारांच्या नमुन्यांत बदललेल्या मूत्राचे प्रमाण २०२२ च्या तुलनेत २०२३ मध्ये सहा पटींहून अधिक वाढले. सुमारे ५५ लाख नमुन्यांपैकी ३१ हजारांहून अधिक नमुने बदललेले किंवा अवैध निघाले. टक्केवारी अजूनही एकाच्या आत आहे, हे खरे. पण हा आकडा फक्त पकडल्या गेलेल्यांचा आहे.

भारतातही हा विषय परका राहिलेला नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ३१ जानेवारी २०२२ पासून वैमानिक, केबिन कर्मचारी आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्यासाठी मनःप्रभावी पदार्थांची आकस्मिक चाचणी लागू केली आहे. दरवर्षी किमान दहा टक्के कर्मचाऱ्यांचे नमुने त्यात घ्यावे लागतात. मुंबईसारख्या व्यग्र विमानतळावर काम करणाऱ्यांच्या दृष्टीने ही संख्या लहान नाही. अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यात चाचणी चकवणारे साहित्य विकण्याचा स्वतंत्र गुन्हा नाही. त्यामुळे असा प्रकार उघडकीस आला तर भारतीय न्यायसंहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८ कडे वळावे लागेल आणि फसवणूक नेमकी कोणाची, विक्रेत्याला त्याची जाणीव होती काय, हेच पिट्सबर्गमधील प्रश्न येथेही उभे राहतील.

अमेरिकी परिवहन विभागाने दरम्यान मूत्राला पर्याय शोधला आहे. मे २०२३ मध्ये काढलेल्या आणि १ जूनपासून अमलात आलेल्या नियमाने लाळेच्या नमुन्याला मान्यता दिली. लाळ तपासनिसाच्या डोळ्यांदेखत घेता येते. कपडे उतरवावे लागत नाहीत आणि पट्ट्याला बांधलेली पिशवी निरुपयोगी ठरते. प्रत्यक्ष वापरापूर्वी किमान दोन प्रयोगशाळांना सरकारी प्रमाणपत्र मिळणे बंधनकारक करण्यात आले आहे. लाळेची चाचणी चकवण्याचा दावा करणाऱ्या चूळ भरण्याच्या बाटल्या मात्र प्रमाणपत्रांची वाट न पाहता बाजारात केव्हाच दाखल झाल्या आहेत.